जिन्याखाली दार नसतं

नंदीला विलायचीचा रंग दिलेला पाहून गुलाबचंद बिसेन ओसरीवर जे बसले, ते चहा निवला तरी उठले नाहीत.

पोळा काल झाला होता. आज तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा दिवस. बिसेनांचा नंदी देवरीच्या सागाचा, चार चाकांचा, नात गुंजनच्या कमरेइतका उंच. गुलाबचंदांच्या वडिलांनी तो करवून घेतला होता. अंग पांढरं, शिंगं लाल, डोळे काळेभोर. दरवर्षी तोच रंग नव्यानं लागायचा आणि त्याबद्दल कोणाला काही विचारावं लागायचं नाही. या वर्षी तो फिका हिरवा झाला होता आणि शिंगं बाळाच्या टोपड्यासारखी गुलाबी.

"याले का झालं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"पेस्टल शेड आहे, बाबूजी. गुंजनच्या खोलीला मॅचिंग," दामिनी म्हणाली.

"धान असं फिकं पडलं का मी लोकाइले युरिया देतो."

"भडक रंगांनी मुलं चिडकी होतात. कोर्समध्ये सांगितलंय."

गुलाबचंदांनी जन्मभर लाल शिंगांचा बैल पाहिला होता. आपण इतके चिडके का, हा घरात पुष्कळदा विचारला गेलेला प्रश्न अशा रीतीनं सुटला, पण त्यांना त्याचं काही समाधान वाटलं नाही. खत-बियाण्यांच्या दुकानात भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस सुनेच्या कोर्सपुढे मात्र हात टेकत असे.

खोली म्हणजे मागची, अंगणाकडे दार असलेली. पावसाळा लागेपर्यंत तिला सगळे मंजूची खोली म्हणत. मंजू ही गुलाबचंदांची थोरली लेक. दवनीवाड्याला दिली होती. नवरा गेला, दिरांशी पटेना, म्हणून गुंजन पाळण्यात असताना माहेरी आली ती राहिली. त्या खोलीत तिची खाट, तिची शिलाई मशीन आणि मुर्री रस्त्यावरच्या निम्म्या बायांचे ब्लाउज असत. मग दामिनीनं फोनवर 'सर्जनशील बालपण' नावाचा कोर्स केला. घरात स्वतःचा कलाकोपरा नसलेल्या मुलाची कल्पनाशक्ती आठव्या वर्षानंतर मिटत जाते, असं तिला तिथं कळलं. गुंजनला आठवं लागलेलं होतं. घाई करणं भाग होतं.

मंजूला कोणी जा म्हटलं नाही. घरातल्या माणसाला हलवायचं तर आपल्याकडे तोंड उघडत नाहीत, रंगकाम काढतात. "ताई, वास येईल, चार दिवस जिन्याखाली झोपा," एवढंच दामिनी म्हणाली. रंग वाळला. मग कपाट आलं, मग बुटकं टेबल आलं, आणि खाटेच्या जागी एक गोल गालिचा येऊन बसला. जिन्याखाली इन्व्हर्टर, तांदळाची पोती आणि मंजू अशी मांडणी पक्की झाली. समोर पडदा लावला. पडदा तेवढा मॅचिंग होता.

चंद्रकुमारला वाटलं, बायको बहिणीशी बोलली असेल. दामिनीला वाटलं, नवरा बोलला असेल. सासू शामकलाबाईंना वाटलं, बाप-लेकानं ठरवलं असेल, आणि गुलाबचंदांना वाटलं, बायाबायांचं काहीतरी आहे. कोणीही काही न ठरवता सगळ्यांच्या एकमतानं ते काम झालं.

*

देवरीहून पहिल्या बसनं गुलाबचंदांचे धाकटे भाऊ खुशाल आले. सणाला ते कधी चुकत नसत. पिशवीत वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि अंगात दुसऱ्याच्या घरची निवलेली भांडणं पुन्हा गरम करण्याची हौस. पाय धुऊन होताच दामिनी त्यांना खोली दाखवायला घेऊन गेली. संध्याकाळी ओळखीपाळखीची मंडळी येणार होती, नंदीची पूजा झाली की कलाकोपऱ्याचं उद्घाटन होतं, आणि त्याचा व्हिडिओ जाणार होता. खुशालकाका म्हणजे रंगीत तालीम.

भिंतभर कपाट, कपाटात पारदर्शक डबे, आणि प्रत्येक डब्यावर सुबक अक्षरात नाव. रंग. कागद. मोती. एका डब्यावर 'माती, धुतलेली' असं लिहिलं होतं. त्याच्या शेजारच्या डब्याशी खुशाल थांबले.

"निसर्ग," त्यांनी वाचलं. "याच्यात का आहे, बेटा?"

"मुलांनी निसर्गातल्या वस्तू हाताळायला हव्यात, काकाजी."

आत चार वाळकी बोंडं आणि एक लाकडी शंकू होता. खुशालनी शंकू हातात घेऊन उलटासुलटा केला. सगळा जन्म जंगलाला लागून गेलेला, तरी झाड काही ओळखू येईना.

"कोन्या झाडाचं आहे?"

"ऑनलाइन आलंय. तिकडचं आहे, पहाडातलं."

"आमच्याकडे निसर्ग घरात आला का आम्ही काठी घेतो," खुशाल म्हणाले आणि शंकू पुन्हा डब्यात ठेवला.

दारासमोरच्या भिंतीवर दोन पाट्या होत्या. एकीवर 'गोंधळाची वेळ: रविवार, जेवणानंतर'. दुसरी मोठी: 'इथे मोठ्यांनी नाही म्हणायचं नाही'. तिच्याखाली बुटक्या स्टुलावर गुंजन पाठ ताठ करून बसली होती.

"का बनवून राहिली, माय?" खुशालनी विचारलं.

"झाकणं लावून राहिली," गुंजन म्हणाली.

दामिनी हसली, पण ते तिला लागलं. नवीन खोलीत लेक गुणी पाहुण्यासारखी वागत होती. कागदावर एक ठिपका काढायची, ब्रश धुवायची, कागद 'पूर्ण झालेली कामं' या डब्यात घालायची आणि विचारायची, आता जाऊ का?

दामिनीबद्दल तिच्या सासरी अजून कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट अशी. तिरोड्याला शाळेत असताना चित्रकलेच्या परीक्षेत तिला वरची श्रेणी मिळाली आणि मामानं रंगांची मोठी पेटी आणून दिली. संपून जाईल म्हणून आईनं ती शोकेसमध्ये ठेवली. दामिनी रोज काचेतून ती पाहायची. तिच्या लग्नातही पेटी तिथंच होती, आणि आतले रंग खडकासारखे झाले होते. आपल्या मुलीला असं काचेतून बघावं लागू नये, म्हणून तिनं सगळे डबे पारदर्शक घेतले होते. यात काही चुकतंय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट तर तिनं स्वतःशीही धड कबूल केली नव्हती. या खोलीत खाट असताना दारामागून गुंजनचं हसू ऐकू यायचं. दामिनी आत गेली की दोघी गप्प व्हायच्या. मंजू लाड करणारी आत्या मुळीच नव्हती. तोंडात सुया धरून सारखी खेकसायची. तरी पोरगी तिच्या पायाशी चिंध्यांत लोळायची, लोहचुंबकानं टाचण्या वेचायची, ब्लाउजच्या कापडातून सापांची अंतर्वस्त्रं कापायची. दामिनीला खरं म्हणजे खोली नको होती, ते हसू हवं होतं, आणि खोली घेतली की ते सोबत येईल असा तिचा हिशेब होता.

*

दुपारी पार्सल आलं आणि घर हादरलं.

नंदीच्या पाठीवरची झूल दरवर्षी मंजू शिवायची. लाल साटीन, हिरवी किनार, टिकल्या, आरसे, जे हाताला लागेल ते. यंदा दामिनीनं फिक्या रंगाची ऑनलाइन मागवली होती. चंद्रकुमारनं पार्सल फोडलं. आतून टोपीवाला, पोटाखाली पट्टा असलेला, मऊ आकाशी रंगाचा रेनकोट निघाला. वेष्टनावर कुत्र्याचं चित्र होतं. जात मध्यम, असंही लिहिलं होतं.

"मापं तर बरोबर टाकली होती मी," दामिनी म्हणाली.

"मापं बरोबरच आहेत," चंद्रकुमारनं रेनकोट नंदीला घालून पाहिला. तो बसला, टोपीसकट. शामकलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या स्वयंपाकघरात पळाल्या. तिथून हसण्याचा आवाज आला. कोण हसतंय याची चौकशी करायची नाही, एवढं शहाणपण चंद्रकुमारला लग्नानं दिलं होतं.

"तुम्ही ताईंना सांगा," दामिनी म्हणाली.

"तू सांग न."

"मी कशी सांगू? मी नको म्हटलं होतं."

चंद्रकुमार हा घर पेटलं तर आधी हातातला चहा संपवणारा माणूस. तो पडदा सारून जिन्याखाली वाकून शिरला, काय बोलावं याचा विचार करत एका गाठोड्यावर टेकला.

"चंदू, तू मशीनवर बसून राहिला," मंजू म्हणाली.

तो उठला आणि त्याचं डोकं वरच्या पायरीला लागलं. मशीन पोत्यात घालून सुतळीनं बांधलेली होती. तिला लागून पत्र्याची पेटी, गुंडाळलेली गादी.

"मशीन कायले बांधली?"

"उद्या ऑटो येऊन राहिला. ब्लाउजवाल्या नंदाबाईनं मुर्रीले खोली पाहून ठेवली, तिच्या घराले लागून."

"कोनाले सांगितलं तू?"

"मले कोनी सांगितलं होतं का?"

चंद्रकुमारनं डोकं चोळलं. आपली चूक कुठं झाली हे त्याला बरोबर दिसत होतं, आणि म्हणून तो दुसरीकडे पाहत होता. "माय रडन," तो म्हणाला.

"दोन दिवस रडन. मी भाजी निवडायले येत जाईन, मग तिले फरक नाई समजनार."

"लोक का म्हनतीन?"

"लोक म्हनतीन गुंजनची कला वाढून राहिली."

तो कमरेत वाकून उभा होता, कारण सरळ उभं राहायला जागा नव्हती. काहीतरी म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "आन् झूल?"

मंजूनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी हा नंदी ओढायचा आणि ती मागून झूल सावरत चालायची. तेव्हा पोरींना नंदी ओढू देत नसत. याला दारोदार बोजाऱ्याचा खाऊ मिळायचा. हा घरी येऊन खाऊतला वाटा तिला द्यायचा आणि वर उपकार केल्यासारखा दिसायचा. तो अजून तसाच दिसत होता.

"मॅचिंग पायजे न? बाजारात भेटन," ती म्हणाली.

तो गेल्यावर पोत्यांमागून कापड फाडल्याचा आवाज आला. गुंजन तिथं पाय पसरून बसली होती. मांडीवर लाल साटीनचा उरलेला तुकडा, त्याला हिरवं अस्तर, आणि हातात मोठी सुई. सकाळपासून झाकणं लावून ती तिथं केव्हा येऊन बसली होती ते मंजूला माहीत होतं. तिनं ते मुद्दाम चंदूला सांगितलं नव्हतं.

"टाका लांब पडून राहिला," मंजू म्हणाली.

"पडू दे."

"उसवन."

"मग पुन्हा शिवीन." गुंजननं दातानं दोरा तोडायचा प्रयत्न केला, तो तुटेना, तेव्हा तिचा हात कात्रीकडे गेला.

"कात्रीले हात नाई लावायचा. किती खेप सांगू?"

मंजूनं दोरा तोडून दिला. पोरीनं पुन्हा सुई ओवली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आत्या, मुर्री लांब आहे का?"

"नाई. पायी जाता येते."

"मग चालली काऊन?"

"जागा नाई म्हनून."

"माझ्या खोलीत किती जागा आहे."

"तिथं तुझी कला आहे."

"कला तं डब्यात आहे," गुंजन म्हणाली.

मंजूला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. तिला पोरीपुढे रडायचं नव्हतं. तिनं झूल हातातून हिसकून घेतली, एक टाका ओढून घट्ट केला आणि परत दिली. तुला सोडून जायला मला जड जातंय, हे वाक्य तिला येत होतं, पण या घरात अशी वाक्यं बोलायची पद्धत नव्हती.

*

उन्हं उतरली तसं अंगण भरलं. गल्लीतली पोरं आपापले नंदी घेऊन आली. कोणाचा तळहाताएवढा, कोणाचा दोघांनी ओढायचा. शिंगांना फुगे, गळ्यात बिस्किटांचे पुडे. शामकलाबाईंनी पाट मांडले. मंजू कुंकवाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दामिनीनं फोन स्टँडवर लावला. मागे कलाकोपऱ्याचं दार दिसेल असा कोन तिनं दोनदा पाहून घेतला.

तेवढ्यात गुंजन नंदी ओढत आली. विलायची रंगाच्या त्या शांत बैलाच्या पाठीवर लालभडक झूल होती, एका बाजूला लोंबणारी, मधेच हिरवी, कडेला कोणाच्या तरी ब्लाउजचे हूक लावलेले. दामिनी पुढे झाली.

"हे कोणी घातलं? गुंजन, फ्रेममध्ये..."

"राहू दे," शामकलाबाई म्हणाल्या. सून आल्यापासून त्यांनी तिच्या कुठल्या गोष्टीला आडवा शब्द घातला नव्हता, त्यामुळे दामिनी थांबलीच. "तिनंच शिवली. मी पाह्यली शिवताना."

दामिनीनं झुलीला हात लावला. टाके वेडेवाकडे होते, काही तर बोटभर लांब. हे आपल्या लेकीनं केलंय आणि आपल्या डब्यांतल्या एकाही वस्तूशिवाय केलंय, हे तिला तिथंच कळलं. वाईट वाटलं. अभिमानही वाटला, पण वाईट आधी वाटलं.

गुलाबचंद खुर्चीत सावरून बसले. त्यांच्या आवडीचा भाग आता होता. तान्ह्या पोळ्याला पोरगं नंदी घेऊन दारात आलं की त्याला बोजारा द्यायचा, खाऊ म्हणा, वस्तू म्हणा. बिसेनांकडे त्यावर आणखी एक रीत होती. घरच्या पोराचा पहिला बोजारा घरच्या म्हाताऱ्याकडून, पोरानं तोंडानं मागायचा, आणि म्हाताऱ्यानं नाही म्हणायचं नाही. चंद्रकुमारनं एका वर्षी शेजाऱ्यांची शेळी मागितली होती. गुलाबचंदांनी ती त्याच संध्याकाळी आणून दाराशी बांधली होती. रिकामा नंदी माझ्या दारातून गेला नाही, हे ते दरवर्षी एकदा सांगत. आजही त्यांनी सांगून घेतलं.

"माग," ते म्हणाले.

काय मागायचं हे दामिनीनं पाठ करून घेतलं होतं. मला रंग हवेत, म्हणजे मी माझं जग रंगवीन. तिनं फोनमागून ओठ हलवून आठवण दिली.

"मले आत्या पायजे," गुंजन म्हणाली.

मंडळी हसली. खुशाल सगळ्यांत मोठ्यानं. "अवो, आत्या तं घरचीच आहे," ते म्हणाले.

"उद्या ऑटो येते. ती मुर्रीले चालली. मशीन बांधली."

हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं. गुलाबचंदांनी शामकलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी चंद्रकुमारकडे पाहिलं. चंद्रकुमारनं दामिनीकडे, आणि दामिनीनं फोनकडे. तो चालूच होता.

"मंजू?" गुलाबचंद म्हणाले.

"हो, बाबूजी."

"मले नाई सांगितलं."

"तुम्ही नाई विचारलं."

"ताई, आम्ही तुम्हाला जा कधी म्हटलं?" दामिनीचा आवाज चढला. चार लोकांत आपणच वाईट ठरणार हे तिला दिसत होतं.

"नाई म्हटलं, दामिनी. म्हटलं असतं तं भांडता आलं असतं."

गुंजन मात्र आपल्या कामाला धरून होती. "आबाजी, द्या न. जिन्याखाली सामान ठेवतेत, मानूस नाई."

गुलाबचंदांनी घसा साफ केला. रीत ती रीत, आणि लोक बघत होते. दुकानात एखाद्याची गोणी उधारीवर सोडावी तसा हात हलवून ते म्हणाले, "दिला बोजारा. मंजू इथंच राहीन. चंदू, खाट टाक तिची जागेवर."

चंद्रकुमार सुटल्यासारखा अंगणात भिंतीला लावून ठेवलेल्या खाटेकडे धावला. खुशालनी टाळी वाजवली. प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं, मंजू सोडून.

"मी कोनाच्या बोजाऱ्यात नाई जात, बाबूजी," ती म्हणाली. "मी शेळी आहे का?"

ती मोठ्यानं बोलली नाही. पण चंद्रकुमार खाट अर्धी उचलून थांबला, आणि गल्लीतली पोरंही गप्प झाली. पोरांना कशातलं काही कळलं नसलं, तरी मोठी माणसं चुकताना पकडली गेली की ते त्यांना लगेच कळतं.

गुलाबचंद खुर्चीत बसून राहिले. लेकीला त्यांनी लग्नात दिलं होतं. परत आली तेव्हा खोली दिली होती. आता तीच खोली पुन्हा देत होते. आपण सगळं देत आलो, असं त्यांना नेहमी वाटे. तिला काय हवं हे मात्र आपण एकदाही विचारलं नाही, हे आज इतक्या लोकांत त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना लाज वाटली. दोन्ही हातांनी गुडघे दाबून ते उठले आणि गुंजनच्या हातातला कासरा घेतला.

"आबाजी, माझा नंदी," गुंजन म्हणाली.

"देतो वापस."

विलायची रंगाचा नंदी ओढत म्हातारा अंगणातून जिन्याकडे निघाला. चाकं कुरकुरत होती. पडद्याशी जाऊन ते थांबले. नंदी उंबऱ्यासमोर उभा करतात. इथं उंबरा नव्हता. त्यांनी पडदा बाजूला केला. इन्व्हर्टर, पोती, बांधलेली मशीन, गुंडाळलेली गादी. घर त्यांचं होतं, पण इतक्या दिवसांत ते इथं एकदाही वाकून पाहायला आले नव्हते.

"इथं दारच नाई," ते म्हणाले.

"जिन्याखाली दार कुठून राहीन?" शामकलाबाई म्हणाल्या.

गुलाबचंद वळले. "मंजू, तू तुझ्या दारात जाऊन उभी राह. मी नंदी घेऊन येतो."

मंजू हलली नाही. नंदी कोणाच्या दारात नेतात हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याचं घर असतं, त्याच्या दारात. पाहुण्याला कोणी बोजारा मागत नाही आणि आश्रिताला तर नाहीच. बाप काय म्हणतोय हे तिला कळलं, म्हणूनच पाय उचलेना. शेवटी गुंजननं तिला मागून ढकललं, जसा अडलेला नंदी ढकलतात तसा, आणि ती ताट घेऊन मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

गुलाबचंद आले. नंदी उंबऱ्याशी लावला. पण मागायचं कसं हे त्या माणसाला येत नव्हतं.

"आबाजी, मागा न," गुंजन कुजबुजली.

"राह, बाई," ते मंजूला म्हणाले. "मले दुसरं काही नाई पायजे."

मंजू खाली नंदीकडे पाहत राहिली. दामिनीनं स्टँडवरचा फोन काढला आणि बंद करून कमरेला खोचला. आत भिंतीवर पाटी दिसत होती. खुशालना तेवढं पुरे होतं.

"मंजू, लिहून आहे तिथं," ते म्हणाले. "मोठ्याइनं नाई म्हनायचं नाई."

कोणीतरी हसलं. मंजूनं पदरानं नाक पुसलं, बोट कुंकवात बुडवलं आणि नंदीच्या फिक्या कपाळाला भरपूर लावलं.

"नंदाबाईले तुम्ही सांगा," ती बापाला म्हणाली. "आन् ऑटोवाल्यालेही. खाट खिडकीखाली पायजे. तो गालिचा उचला, त्याच्यात सुया हरवतेत."

गालिचा दामिनीनं स्वतः उचलला. तो जड होता आणि कोणी हात लावायला आलं नाही. तो कुठं ठेवायचा हे तिला सुचेना. तोवर चंद्रकुमारनं खाट आणली, मशीन आणली, सुतळी सोडली. चिंध्यांचं गाठोडं आलं आणि धुतलेल्या मातीच्या डब्यावर आडवं पडलं. उद्घाटन राहून गेलं. मंडळी चिवडा खाऊन पांगली, पोरं पुढच्या दारी गेली.

दामिनी परत आली तेव्हा खोलीत दोघीच होत्या. झूल अखेर उसवलीच होती. गुंजन फरशीवर पाय पसरून ती पुन्हा शिवत होती, आणि मंजू मशीनच्या चाकाला तेल देत होती. दामिनीला पाहून दोघी गप्प झाल्या. दामिनी मागे वळणार होती. वळली नाही.

"मी बसू का इथं?" तिनं विचारलं.

गुंजननं थोडा विचार केला. "बस. पण झाकणं नको लावू."

दामिनी फरशीवर बसली. साडीखाली एक टाचणी टोचली, ती तिनं काढून बाजूला ठेवली. लाल साटीनचा एक तुकडा उचलला. त्याचं काय होईल ते तिला नीट दिसलं नव्हतं, पण काहीतरी होणार होतं एवढं दिसलं. कित्येक वर्षांत तसं दिसलं नव्हतं. तिनं मशीनवरची कात्री घेतली.

"कात्रीले हात नाई लावायचा," मंजू चाकावरून नजर न काढता म्हणाली.

गुंजननं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

"नाही," दामिनी म्हणाली आणि कात्री होती तिथं ठेवली. "नाही लावत, ताई."